उद्दिष्ट क्रमांक तीन

फेब्रुवारी अर्धा सरला की आमच्या गेवराईच्या बाजूला हवेत दोन वास एकदम येतात. एक नुकत्याच काढलेल्या ज्वारीच्या कडब्याचा, आणि दुसरा झेरॉक्सच्या दुकानातून ऊन ऊन निघालेल्या प्रश्नपत्रिकांचा. सुगी आणि परीक्षा आमच्याकडे एकाच मुहूर्तावर येतात. शाळेच्या कुंपणापलीकडे बायका ज्वारी उपटत असतात आणि अलीकडे आम्ही सराव परीक्षेचे गठ्ठे सोडत असतो. त्यांच्या हातांना चिरा पडतात, आमच्या बोटांना लाल शाई लागते. पस्तीस वर्षं ही शाई मी मोठ्या तोऱ्यात मिरवली. अलीकडे मात्र ती लागली की मी उठून हात धुऊन येते.

यंदा याच दिवसांत आमच्या मंडळाची वार्षिक सभा होती. मंडळ म्हणजे तालुक्यातल्या मराठी शिक्षकांचं मंडळ, आणि मी त्याची पहिल्या दिवसापासूनची कार्यवाह. सभेच्या नोटिशीत मी चौथा विषय घातला होता : ‘मंडळाच्या उद्दिष्टांचा फेरविचार करणे.’ खरं सांगायचं तर फेरविचार वगैरे काही नव्हता. मला एकच उद्दिष्ट खोडायचं होतं, आणि ते खोडताना चारचौघांत एका मुलीची माफी मागायची होती. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. आता राहिलं तर कायमचंच राहिलं असतं.

मंडळ काढलं तेव्हा नोंदणीसाठी घटना लागते, घटनेला उद्दिष्टं लागतात, म्हणून एका दुपारी मी ती लिहून काढली. पाच होती. वाचनाची गोडी लावणे हे पहिलं. साहित्यिक कार्यक्रम घेणे हे दुसरं. तिसरं, प्रमाण मराठीचा व शुद्धलेखनाचा आग्रह धरणे. चौथं, बोलीभाषांचे जतन व संवर्धन करणे. पाचवं सभासदांच्या अडचणींचं, ते कुठल्याही मंडळात असतंच. तिसरं आणि चौथं एकमेकांच्या शेजारी लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. सगळ्यांच्या शेवटी ‘णे’ नीट जुळलं, एवढंच मला दिसलं.

मग त्या उद्दिष्टांचा फलक रंगवून घेतला. नसीर पेंटरनं तिसऱ्या ओळीत ‘शुध्दलेखन’ लिहिलं. द आधी, ध नंतर, हे आम्ही मुलांना घसा फोडून सांगतो, आणि आमच्याच फलकावर ध आधी! मी दुकानात गेले तर नसीरभाई ब्रश पुसत म्हणाले, “मॅडम, आधी द का आधी ध, तेवढं एकडाव सांगून टाका. मला तर दोन्ही सारखंच दिसतंय. वाचणाराला कळलं न्हाई का?”

वाचणाऱ्याला कळलं होतं, हे खरंच होतं. पण त्या एका अक्षरावर आम्ही तीन सभा घेतल्या. एरवी सभेला नऊ-दहा डोकी असायची, त्यातली दोन चहा येईपर्यंत पेंगायची. फलकाच्या सभेला मात्र खुर्च्या कमी पडल्या. कोणी नियमांची पुस्तकं घेऊन आलं, कोणी शब्दकोश. दोन सर एकमेकांशी बोलेनासे झाले. आमचे अध्यक्ष जाधव सर त्या दिवशी फार खूश होते. चहाचा कप बशीत ठेवत मला म्हणाले, “बघितलं का मॅडम? सभासद कावून येत न्हाईत म्हनून आपण रडतो. त्यांना करायला काम पाहिजे. वाचनाची गोडी मोजायची कशी? बोली जतन करायची म्हंजी करायचं काय? हे तिसरं कसं, लाल पेन घेतला की सुरू!”

सर बोलले ते लाख मोलाचं होतं. ज्या उद्दिष्टाला हत्यार असतं तेच चालतं, बाकीची भिंतीवर शोभेला राहतात. तिसऱ्याला लाल पेन होता, चौथ्याला काहीच नव्हतं. आणि गंमत अशी की जाधव सर हे सगळं ‘कावून’ आणि ‘म्हंजी’ करत बोलले होते. आमच्या मंडळाची ही रीतच होती : सभा सुरू झाली की ‘आहे’, चहा आला की ‘हाय’. मी एकटीच चहातसुद्धा ‘आहे’ म्हणायची. माझ्या मराठीचं तालुक्यात कौतुक होतं. “मॅडम मूळच्या पुण्याच्या का?” असं कोणी विचारलं की मी हसून विषय बदलायची. मी मूळची बीडजवळच्या पालीची. बिंदुसरेच्या धरणाच्या पाण्यात म्हशी धुणाऱ्या बाईची मुलगी.

हे सांगायला मला आजही जड जातं. पालीचं नाही, पुढचं. मी शिकायला अंबाजोगाईला होते तेव्हा ‘मी गेलते’, ‘मी आलते’ म्हणायची आणि वसतिगृहातल्या मुली मला ‘गेलते’ याच नावानं हाक मारायच्या. एका वर्षात मी जीभ घासून पुसून लख्ख करून घेतली. मग एकदा आई भेटायला आली, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. रेक्टरबाईंनी दारातच विचारलं, काय काम आहे? आईनं पदर सावरून सुरुवात केली, “मपल्या पोरीला भेटाया आलते, लई दिस झाले...” जिन्यावर दोन मुली खुदकन हसल्या. मी धावत पुढे झाले आणि म्हणाले, “आई, तू नको बोलू, मी बोलते.” आई लगेच गप्प झाली. तिला राग आला नाही. उलट पोरगी शिकली, चार माणसांत बोलायला लागली, म्हणून ती हसली. त्या हसण्याचा अर्थ मी तेव्हा माझ्या सोयीचा लावला.

तर तो बारा वर्षांपूर्वीचा हंगाम. त्या साली ज्वारी चांगली आली होती. वर्गाच्या खिडकीतून हरभरा भाजल्याचा वास यायचा आणि पोरांचं लक्ष उडायचं. वर्गातले निम्मे बाक तसेही रिकामे होते, कारण दसऱ्यानंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गेलेली. भाषादिनाच्या निमित्तानं आम्ही तालुक्यात पहिल्यांदाच निबंधस्पर्धा घेतली. विषय ‘माझे घर’. वीस गुण, प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा. आशयाला गुण नव्हते, कारण आशय तपासायचा कसा यावर आमचं एकमत झालं नव्हतं. चुकीवर मात्र झालं होतं. बोलीतला शब्द ही चूक, असं मीच नियमात लिहिलं.

सभासदांचा उत्साह तर विचारूच नका. जे सभेला कधी फिरकले नव्हते ते सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन तपासायला आले. एका ओळीत बसून आम्ही चारशेवर निबंध तपासले. सगळ्या घरांना अंगण होतं, अंगणात तुळस होती आणि प्रत्येक घर ‘माझा स्वर्ग’ होतं. नांदुरकीच्या झाडावरच्या चिमण्यांसारखी सगळी पोरं एकच बोलत होती, आणि आम्ही खूश होऊन अठरा, साडेअठरा देत होतो.

आणि मग तो कागद आला. नाव झाकलेलं, फक्त क्रमांक.

‘आमचं घर सहा महिने हाय अन् सहा महिने न्हाई. जवा हाय तवा ते गावाला हाय. जवा न्हाई तवा आमी उसाच्या फडावर असतो. तितं मपली माय चार बांबू अन् एक ताडपत्री लावून कोपी करती. कोपीला दार नसतं म्हनून कुलूप बी नसतं. माय म्हनती घर लई मोठं नसावं, डोक्यावर उचलता यावं.’

मला हे आज पाठ आहे. तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं, तपासलं होतं. ‘हाय’ला गोल, ‘न्हाई’ला गोल, ‘मपली’वर काट मारून वर ‘माझी’. एका पानात त्रेचाळीस गोल झाले. विसातून साडेएकवीस वजा केले तर किती? मी प्रामाणिकपणे लिहिलं : उणे दीड. शेजारच्या सरांनी डोकावून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. “शून्याच्या बी खाली गेलं की हे पाखरू!” कागद ओळीतून हातोहात फिरला. जो तो हसला, मीही हसले. आमच्या मंडळात एवढं मोकळं हसणं त्याआधी कधी झालं नव्हतं.

इथवर असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं की बाई, नियम म्हणजे नियम. पण बक्षीससमारंभात मी तो कागद व्यासपीठावर नेला. ‘मुलांना आपल्या चुका कळाव्यात म्हणून एक नमुना वाचून दाखवते, नाव घेत नाही,’ असं म्हणून मी वाचायला लागले. मनात होतं सपाट वाचायचं. पण पहिलं ‘हाय’ तोंडातून निघालं आणि आवाजच फिरला. हेल आला, ‘लई’ लांबलं, ‘न्हाई’ नाकात गेलं. मांडवातली पोरं पोट धरून हसायला लागली. पाहुणे हसले. मला कळत होतं की मी फार छान वाचते आहे, इतकं हुबेहूब या तालुक्यात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. कारण तो हेल कुठून आणायची मला गरजच नव्हती. तो माझ्या आईचा होता. आई तेव्हा पालीत होती, धडधाकट, आणि मी दोन-तीनशे पोरांपुढे तिची नक्कल करून टाळ्या घेत होते.

समारंभ आटोपला. सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. नववीतली एक मुलगी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. दोन वेण्या, एकीची रिबीन निळी आणि एकीची काळी. चकलांब्याच्या शाळेची होती, अश्विनी नाव, परीक्षेसाठी त्या साली उसावर न नेता गावातच ठेवलेली. म्हणाली, “मॅडम, मपला कागद द्या ना.”

“कोणता कागद?”

“तुमी वाचला तो.”

ती तिसऱ्या ओळीत बसली होती. मी वाचताना तिच्याकडे पाहिलंही होतं, कारण ती इतरांबरोबर हसत होती. हसली नसती तर कागद तिचा आहे हे शेजारणींना कळलं असतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तरी मी शिक्षिकेच्याच आवाजात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नकोस. सुधारायचं. ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हणायचं.”

“आहे,” ती म्हणाली. मग स्वतःशीच, “आहे, आहे, आहे.” मग जरा थांबून, “उसात असतानी बी ‘आहे’च म्हनायचं का?”

“सगळीकडे,” मी म्हणाले.

मी दिलेल्या कागदाची तिनं चार घड्यांची घडी केली आणि ती गेली. मी माफी मागितली नाही. तोंडाशी आली होती असंही नाही, आली नव्हतीच.

पुढे स्पर्धा मोठी झाली. दुसऱ्या तालुक्यांनी आमचे नियम मागून नेले, मंडळाचे सभासद दुप्पट झाले. ‘उणे’ हा आमचा लाडका विनोद झाला. दरवर्षी तपासताना कोणीतरी विचारायचं, “यंदा एखादं उणं सापडलं का?” पण सापडायचं नाही. पोरं हुशार झाली होती. कोणीच आता कोपीबद्दल लिहीत नव्हतं. उसावर गेलेल्या घरांतली पोरंसुद्धा अंगण आणि तुळस लिहायला लागली होती. आम्ही त्याला प्रगती म्हणालो. एका वर्षी मला शाल मिळाली. मानपत्रात ‘भाषेची मशागत करणाऱ्या’ असं लिहिलं होतं, आणि ते वाचताना माझे डोळे भरून आले होते. काय म्हणावं अशा बाईला!

डोळे उघडले ते अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात, सात वर्षांपूर्वी. आईला तिथं दाखल केलं होतं. तरुण डॉक्टर होता, मायाळू. आईच्या उशाशी वाकून त्यानं विचारलं, “आजी, कुठं दुखतंय?” आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून ती थांबली होती. तेच गाव. तिथं आपण बोलायचं नसतं, हे तिनं वसतिगृहाच्या दारात एकदा ऐकलं होतं आणि इतकी वर्षं इमानानं पाळलं होतं. डॉक्टरनं पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “आई, सांग ना, तूच सांग.” ती नुसती हसली. तिचं कुठं दुखतंय हे मला कसं माहीत असणार? आठ दिवसांनी ती गेली. कुठं दुखत होतं ते सांगितलंच नाही.

त्यानंतर मला तो कागद आठवायला लागला. आधी कधीमधी, मग दर सुगीला, मग लाल पेनाचं टोपण काढलं की. मनात यायचं, चकलांब्याला जावं, त्या मुलीला शोधावं. चकलांबा काही सातासमुद्रापार नाही, बसनं जाऊन येता येतं. पण आज परीक्षा, उद्या निकाल, असं करत मी सात वर्षं काढली. लाज वाटते असं म्हणत राहणं सोपं असतं. उठून जाणं अवघड.

आणि यंदा दिवाळीनंतर सभासदत्वाचे नवे अर्ज आले, त्यात तिचा अर्ज होता. तीच अश्विनी, गाव चकलांबा, मराठी घेऊन शिकलेली, जवळच्याच एका शाळेत नुकतीच लागलेली. ‘सभासद होण्याचे कारण’ या रकान्यात बाकीच्यांनी ‘आवड’ लिहिलं होतं. तिनं लिहिलं होतं : ‘उद्दिष्ट क्रमांक तीन.’ मला वाटलं, ती हिशोब चुकता करायला येते आहे. मला बरंच वाटलं. मी त्याच दिवशी चौथा विषय नोटिशीत घातला.

सभेला ती आईला घेऊन आली होती. मुलीला नोकरी लागल्यापासून आईचं ऊसतोडीला जाणं बंद झालेलं. सभा झाली की दोघी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाणार होत्या, असं मागच्या रांगेतून कानावर आलं. नऊवारीतली ती बाई गुडघ्यावर हात ठेवून शेवटच्या खुर्चीत बसली होती, पाहुणीनं बसावं तशी अवघडून.

चौथा विषय आला. मी उठले. माझ्या पर्समध्ये माफीचा कागद होता, दोन रात्री बसून लिहिलेला, एकही चूक नसलेला. मी आधी सूचना मांडली : तिसरं उद्दिष्ट खोडावं, अर्ध्या गुणाचा नियम बंद करावा. का, ते आता सांगणार, तेवढ्यात मधल्या रांगेतून हात वर झाला.

“अध्यक्ष महोदय, मी या सूचनेशी नम्रपणे असहमत आहे,” अश्विनी म्हणाली. स्वच्छ, गोल, जिथल्या तिथं थांबणारा आवाज. ‘ण’ ‘ण’सारखा, ‘आहे’ ‘आहे’सारखं. चकलांब्याचा कणही कुठं शिल्लक नव्हता. “बारा वर्षांपूर्वी याच मंडळाच्या स्पर्धेत मला उणे दीड गुण मिळाले होते.” तिनं पिशवीतून तो कागद काढून वर धरला. प्लास्टिकमध्ये घालून जपलेला, घड्यांच्या खुणा आणि माझे त्रेचाळीस गोल. “त्या दिवशी मॅडमनी माझी चूक दाखवली नसती, तर मी आज तुमच्यासमोर उभी नसते. ज्या उद्दिष्टाने मला घडवले, ते खोडू नये अशी माझी विनंती आहे.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! जाधव सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी म्हणालं, मॅडम, याला म्हणतात पावती. त्या टाळ्यांत मी माफी कुठं आणि कशी मागायची? मागायची म्हणजे तिला सांगायचं, की पोरी, तू ज्याचे आभार मानतेस तो तुझ्यावर झालेला अन्याय होता. तू जे गमावलंस ते तुला ठाऊकसुद्धा नाही. तिच्या बारा वर्षांच्या कष्टांवर मी असा फुली मारणारा लाल पेन पुन्हा कसा चालवणार होते? की हेही मी माझ्या भित्रेपणाला दिलेलं चांगलं नाव? मी खाली बसले. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्यांबरोबर माझाही वर गेला. इतिवृत्तात लिहिलं : ‘उद्दिष्ट क्रमांक तीन एकमताने कायम.’ लिहिणारी मीच, कार्यवाह.

सभा संपल्यावर बाहेर लिंबाची पानगळ चालली होती. सगळ्या पटांगणात पिवळी पानं, आणि पलीकडच्या रानातून कडब्याचा तो वास. झाडाखाली अश्विनीची आई एकटीच उभी होती, एका पायावर भार देऊन. हिनं चार बांबूंवर घरं बांधली आणि डोक्यावर उचलली. मी तिच्याजवळ गेले. माफीचा कागद पर्समध्येच राहिला होता, पण एक गोष्ट अजून माझ्या हातात होती. किती वर्षांनी कोण जाणे, मी माझ्या आईच्या आवाजात बोलले. नक्कल म्हणून नव्हे.

“मावशी, कशा हायेत तुमी? गुडघा लई दुखतोय का?”

त्या दचकल्या. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, खरखरीत, ऊबदार, आणि तोंड उघडलं. “काय सांगू बाई तुमाला, लई...”

तेवढ्यात अश्विनी लगबगीनं आली. तिनं माझ्याकडे ओशाळं पाहिलं आणि आईच्या दंडाला हलकेच हात लावला.

“आई, तू नको बोलू, मी बोलते.”

मावशी गप्प झाल्या. लेकीकडे पाहून कौतुकानं हसल्या. त्यांचा एक हात माझ्या हातातून सुटून पुन्हा गुडघ्याकडे गेला. अश्विनी माझ्याकडे वळली आणि तिनं एकही चूक न करता उत्तर दिलं.

“आई अगदी छान आहे, मॅडम.”